हात सुटेपर्यंत

पहिल्या दिवशी मुजावर मॅडमनी माझ्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत राखाडी बाह्या चढवल्या, चेन ओढली आणि म्हणाल्या, "घाबरायचं नाही. नीट चालवलंस तर गाडीत तू एकटी. चुकलीस तर हात येईल."

मला वाटलं, त्यांचाच हात. शिकवणारी बाई शेजारी बसते, वेळ आली की स्टिअरिंग धरते, असंच असणार. पण गाडी पहिल्या चढाला लागली तरी मॅडम मांडीवर डबा उघडून भाकरी-ठेचा खात होत्या. समोर डावीकडचं वळण आलं. मी घाईघाईत स्टिअरिंग फिरवलं, जरा जास्तच. आणि ते माझ्या मुठीत हलकेच उलटं आलं. धक्का नव्हता. बाहीच्या आतून मनगटावर दाब आला, पायाखालचं पेडल किंचित वर उचललं गेलं, आणि गाडी वळणातून अशी निघाली की मॅडमच्या वाटीतलं ताकसुद्धा हललं नाही.

"हा," तोंडात घास ठेवूनच त्या म्हणाल्या. "हाच तो."

पाटणच्या पुढे घाटाच्या पायथ्याशी एक चौकी आहे. हायवेवरून आपल्या आपण धावत येणाऱ्या गाड्या तिथपर्यंतच येतात. दार उघडतं आणि गोड आवाजात सांगितलं जातं की इथून पुढे मानवी चालक आवश्यक आहे. मोठ्या रस्त्यांवर स्टिअरिंगला हात लावणारं माणूस आता शोधूनही सापडत नाही. घाटाची गोष्ट निराळी. इथला रस्ता दर पावसाळ्यात नवा असतो; गेल्या वर्षीचा कठडा यंदा दरीत. धुक्यात यंत्राच्या डोळ्यातून सुटलेला किरण थेंबांवर आपटून परत येतो आणि गाडीला वाटतं, समोर भिंत आहे. शिवाय अरुंद जागी दोन गाड्या समोरासमोर आल्या की मागे कुणी जायचं हे नजरेने ठरतं, हाताने ठरतं, कधी एखाद्या शिवीने ठरतं. सुरुवातीला दोन आपोआप गाड्या वर सोडून बघितल्या होत्या म्हणे. खिंडीत एकमेकींना भेटल्या आणि "आधी आपण" करत दुपारपर्यंत उभ्या राहिल्या. शेवटी गुराख्यांनी एकीला ढकलून बाजूला लावलं.

वर माथ्यावर पवनचक्क्यांच्या रांगेखाली कारवटे नावाचं गाव आहे. तिथे माझे सासू-सासरे, त्यांच्या चार म्हशी, आणि माझी मुलगी ओवी.

मी खाली कराडला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. लॅबमधल्या आम्ही तिघी मिळून एका खोलीत राहायचो, कामाच्या पाळ्या बदलत्या, त्यात ओवीला कुठे ठेवणार. माझा नवरा संग्राम वारला तेव्हा ती नुकती धरून धरून उभी राहायला लागली होती. सासूबाई म्हणाल्या, असू दे माझ्यापाशी, तू नोकरी सोडू नकोस. नोकरी सोडली नाही आणि ओवी चार वर्षांची होत आली. भाड्याचा चालक पंधरवड्यातून एकदा बाजाराच्या दिवशी वर जायचा, त्याच्याबरोबर मी जायची. दुसऱ्या दिवशी खाली. पूर्ण परवाना मिळाला तर रोज संध्याकाळी वर जाता येणार होतं. संग्रामची जीप चौकीशेजारच्या शेडमध्ये उभीच होती. सासऱ्यांनी तिचं डिझेलचं इंजिन काढून बॅटरी बसवून ठेवली होती. नुसता चालवणारा हवा होता.

हात म्हणजे काय, ते सांगायला हवं.

काही वर्षांपूर्वी एका संशोधन संस्थेने घाटात गाडी मारणाऱ्या चालकांच्या गाड्यांत मोजमापाची यंत्रं बसवली. स्टिअरिंगवर, पेडलखाली, सीटमध्ये, आणि चालकाच्या दंडाला एक पट्टी. स्नायू आवळायच्या आधी त्यातून विजेची एक बारीक लहर जाते, ती पट्टी टिपायची. कॅमेऱ्याला फक्त गाडी कुठे वळली ते दिसतं. इथे कळायचं की सीट इतकी कलली की या माणसाचा उजवा दंड इतका घट्ट होतो, आणि वळण दिसायच्या किती आधी त्याचा पाय सैल पडतो. असंख्य फेऱ्या साठल्या की त्यातून त्या माणसाची गणितात उतरवलेली प्रत तयार व्हायची. तिला त्याचं नाव माहीत नसतं, चेहरा माहीत नसतो, तो कुणाचा कोण होता हे माहीत नसतं. या क्षणी, या जागी त्याच्या हातापायांनी काय केलं असतं, तेवढंच तिला येतं. यंत्रांना घाट शिकवायला म्हणून ते सुरू केलं होतं. यंत्रं काही शिकली नाहीत, पण माणसं भराभर शिकू लागली. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक आहे. घाटात सगळे 'हात' म्हणतात. तुला कुणाचा हात लावलाय, असं विचारतात.

त्यातही गंमत होती. अर्ध्या घाटात वाघजाई देवीचं ठाणं आहे. तिथे आल्यावर प्रत्येक हात उजव्या बाजूने क्षणभर हलका पडतो. अभियंत्यांनी महिनाभर तो बिघाड शोधला. मग कुणीतरी गाडीत बसून वर आलं तेव्हा कळलं की इथला प्रत्येक चालक ठाण्यापाशी उजवा हात सोडून कपाळाला आणि छातीला लावतो. मुजावर मॅडमचा हातही तिथे हलका पडतो. त्यांनी स्वतःच हसत सांगितलं, रस्ता तिचा आहे, सलाम करायला काय जातंय.

आमच्याकडे शेअरच्या जीपला वडाप म्हणतात. संग्राम वडाप चालवायचा. त्याच्या दंडाला ती पट्टी मी पाहिली होती. उन्हाळ्यात खाली घामोळं यायचं, मी पावडर लावून द्यायची. पण चालकांची नावं गुप्त ठेवतात आणि घाटात हात पुष्कळांचे घेतले होते. म्हणून चालवायला बसले तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं.

दुसऱ्या धड्याला एका मोठ्या वळणानंतर स्टिअरिंग सरळ करताना मी गोंधळले आणि हात आला. त्याने स्टिअरिंग सरळ केलं नाही. सोडून दिलं. ते माझ्या तळव्यांमधून आपलं आपण फिरत गेलं, आणि अगदी शेवटी, सरळ व्हायच्या आत, माझा अंगठा आणि तर्जनी जवळ आली आणि ते अलगद थांबवलं गेलं. लहान मुलाची हनुवटी धरावी तसं.

संग्रामच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून मी तीन वर्षं ही दोन बोटं बघितली होती.

मी गाडी कडेला घेतली. मॅडमना सांगितलं, हा माझ्या मालकांचा हात आहे. त्यांनी डबा बंद केला. नाव सांगायची परवानगी नाही, म्हणाल्या, आणि मला ठाऊकही नसतं, पण तू म्हणतेस तर असेल. मग विचारलं, बदलून घ्यायचा का. एसटीच्या एका निवृत्त ड्रायव्हरचा आहे, लोण्यासारखा. मी नको म्हटलं. हे नको मी इतक्या लवकर म्हटलं की त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

फोटो होते माझ्याकडे, आवाज होता. फोनमध्ये तो अजून "ऋतुजा, डबा विसरलो गं" म्हणतो. पण फोटो आणि आवाज मी आधी काय केलं याला उत्तर देत नाहीत. हात द्यायचा. मी घाबरले की दाब वाढायचा, मी सावरले की कमी व्हायचा. रविवार आणि बुधवार, लॅबची पाळी संपली की मी चौकीवर पळत यायची. खोलीतल्या दोघी चिडवायच्या, ड्रायव्हिंगला निघालीस की नटायला. मी खरंच वेणी नव्याने घालून जायची.

पण हात कायमचा शिकवत राहावा म्हणून बनवलेलाच नसतो. मूल चालायला लागताना त्याची दोन्ही बोटं धरून ठेवली तर ते आपल्या पायांवर तोल शोधत नाही, आपल्या बोटांवर शोधतं. तसंच इथे. म्हणून हाताला एक हद्द आखून दिलेली असते. माझं चालवणं त्याच्या चालवण्यापेक्षा त्या हद्दीपलीकडे वेगळं पडलं तरच त्याने यायचं, आणि ही हद्द दर धड्याला थोडी रुंद होत जाते. परीक्षेला पायथ्यापासून माथा आणि परत, एवढ्या रस्त्यात हात एकदाही येता कामा नये. तो आला नाही तर पूर्ण परवाना. आणि पूर्ण परवाना दिला की हात काढून घ्यायचा, असा कायदाच आहे. एका स्टिअरिंगला दोन मर्जी नकोत.

पाचव्या-सहाव्या धड्यापासून मला घाट जमू लागला. धडे तेव्हा वाघजाईच्या ठाण्यापर्यंतच असायचे; एका रविवारी तिथवर जाऊन खाली आले तरी बाह्या नुसत्या कापडासारख्या गप्प होत्या. मॅडमनी पाठीवर थाप मारली. मी खोलीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपून राहिले.

पुढच्या धड्याला मी चुकले.

मुद्दाम चुकायला तेवढं यावं लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ब्रेक जरा उशिरा दाबला की तो पायाशी यायचा. वळण आतून कापलं की डाव्या मनगटाशी. चढावर गाडी रेंगाळू दिली की पावलाखाली हळू रेटायचा, म्हशीला रेटावं तसा. कुठल्या चुकीला कुठे येतो हे मला पाठ झालं. दरीच्या कडेला मी कधी चुकले नाही. सुरक्षित जागा निवडून, मागेपुढे गाडी नाही बघून चुकायची. परीक्षेची तारीख एकदा पुढे गेली. मग आणखी एकदा.

मुजावर मॅडम त्या दिवशी डबा न उघडताच बसल्या होत्या. "तुझ्या चुका फार नेटक्या आहेत गं," त्या म्हणाल्या. "खऱ्या चुका अशा रांगेत उभ्या राहत नाहीत."

 त्यांनी रागावल्याचं दाखवलं नाही. शिकाऊ म्हणून राहायचं तर खुशाल राहा, म्हणाल्या. वर्षानुवर्षं राहिलेले आहेत, हात बापाचा निघाला म्हणून, भावाचा निघाला म्हणून. पण शिकाऊ माणसाच्या शेजारी मी लागते, आणि माझी ड्यूटी पाच वाजता संपते. तुझी मुलगी वर आहे ना? एवढंच विचारून त्यांनी बाह्यांची चेन तपासली आणि चल म्हणाल्या.

त्याच आठवड्यात बाजाराच्या गाडीने मी वर गेले. ओवी सासूबाईंच्या पदराआडून बघत होती. ते नेहमीचंच, तासाभराने ती मोकळी व्हायची. रात्री माझ्या कुशीत झोपली, झोपेत पाय माझ्या पोटावर टाकला. त्या पायाचं वजन मी जागी राहून अंगावर घेतलं. सकाळी मी अजून चहा घेत होते. निघायला वेळ होता. ओवी उठली, डोळे चोळत ओट्यावर गेली, माझी पिशवी ओढत आणून दाराशी ठेवली. मग माझ्या चपला आणल्या आणि तोंडं बाहेरच्या बाजूला करून नीट जोडीने मांडल्या. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"शाणी हाय," सासूबाई म्हणाल्या. "आता रडत न्हाई बघ."

मी ओवीला उचलून घेतलं. तिने माझ्या गळ्यात हात टाकले, पण मान गाडीच्या दिशेने वळवून ठेवली होती. आपल्या आईला गाडीत नीट बसवून देणं हे तिचं काम झालं होतं.

मी घाटात मुद्दाम चुकत होते तो एकेक रविवार, एकेक बुधवार इथून वजा होत होता. मला हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं आणि तरी वेणी घालून जात होते.

बुधवारी मॅडमना म्हटलं, तारीख लावा.

मग मी मनापासून चालवायला लागले, धडे माथ्यापर्यंत जाऊ लागले, आणि सगळा घाट जमला. एक जागा सोडून. वाघजाईच्या ठाण्यानंतर, कारवट्याच्या फाट्यापर्यंत, साधारण फर्लांगभराचा सरळ तुकडा आहे. पूर्वी तिथे नुसती खडी होती, खड्ड्यांत खड्डे. आता गुळगुळीत सिमेंट. घाटातला सगळ्यात सोपा रस्ता. आणि नेमका तिथेच प्रत्येक खेपेला हात यायचा, पेडल माझ्या पायाखालून वर काढून घ्यायचा आणि गाडी चालत्या माणसाच्या वेगावर आणून ठेवायचा. मी काहीच चुकलेले नसताना.

मॅडम म्हणाल्या, या हाताची शिकाऊ मुलं तिथेच नापास होतात. हा एक दोष आहे त्याच्यात. संस्थेने नोंद करून ठेवली आहे, 'अनाठायी सावधगिरी'. काढून टाकणार होते, राहून गेलं. त्यांनी फोनवर मला तो आलेख दाखवला. त्या तुकड्यावरचा वेग सुरुवातीला इतरांसारखाच, खडीवरूनही तीसच्या पुढे. मग एका श्रावणात रेघ एकदम खाली, जवळजवळ तळाला. आणि पुढे तशीच, शेवटपर्यंत.

"काय झालं असेल तिथं?" मॅडमनी विचारलं. "अपघात वगैरे?"

अपघात नव्हता. मला आठवत होतं. मी पुढच्या सीटवर, मागे बाजारची माणसं कोंबलेली, आणि गाडी अशी चालली होती की मागून कुणीतरी संग्रामला ओरडलं, शेलार, उतरून ढकलू का. संग्राम म्हणाला होता, गाडीच्या स्प्रिंगचा पाटा गेलाय, धक्का सोसवत नाही तिला. पुढे आठवडा गेला, महिना गेला, लोक विचारायचे, अरे पाटा बदल की. तो म्हणायचा, मिळंना. मीसुद्धा घरी दोनदा त्याला त्यावरून बोलले होते.

त्या श्रावणात मला दिवस गेले होते. दर महिन्याला तपासणीसाठी मी त्याच्याच गाडीने खाली यायची. ओवी झाल्यावर तिला घेऊन वर गेलो तेव्हाही गाडी तशीच चालली होती. मग सवय पडली असेल. ती खडी दिसली की पाय आपोआप उचलत असेल, मी सीटवर असो वा नसो.

मला त्याने कधी सांगितलं नाही. पाटा गेलाय, म्हणाला.

मॅडमनी विचारलं, बरी आहेस ना. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, परीक्षेत इथे काय करायचं ते आता तुला कळलं असेल. मला कळलं होतं. इथे नेहमीच्या वेगाने गेले, की तो येणार. नक्की येणार, आणि घाटात दुसऱ्या कुठल्याच जागी आता तो येत नव्हता. तो यायला नको असेल तर मला त्याच्यासारखं जावं लागणार होतं.

परीक्षेच्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. निरीक्षक मागच्या सीटवर बसले, मॅडम चौकीवरच थांबल्या. निरीक्षक बोलके नव्हते. फक्त गाडी सुटताना म्हणाले की मला वळणावर मळमळतं, तेवढं बघा. मी बघितलं. वळणं एकामागून एक मागे पडली. खिंडीत समोरून दुधाची गाडी आली, ती भरलेली होती, मी मागे घेतली आणि तिला वाट दिली. ठाण्यापाशी माझा उजवा हात कपाळाला गेला. मग सिमेंटचा तुकडा समोर आला, सरळ, पांढरा, रिकामा.

पाय पेडलवर होता. काही करायचंच नव्हतं. नुसता पाय होता तिथे राहू द्यायचा, आणि तो आला असता. एकदाच. पावलाखाली, मग दोन्ही मनगटांना. परीक्षा काय, पुढच्या महिन्यात पुन्हा देता आली असती.

मी पाय उचलला.

गाडी मंदावत मंदावत चालत्या माणसाच्या वेगावर आली. कडेची करवंदीची जाळी एकेक पान दाखवत मागे सरकू लागली. मी इतक्या हळू जात होते की एक टिटवी रस्त्यातून उठलीसुद्धा नाही, बाजूला चालत गेली. पुढची डावी सीट रिकामी होती. मी खड्डे नसलेल्या रस्त्यावर खड्डे चुकवल्यासारखी गाडी नेत होते, पोटात कुणी असल्यासारखी, आणि शेजारी कुणी बसल्यासारखी. बाह्या शांत होत्या. तो आला नाही. मी बरोबर चालवत होते, त्यामुळे त्याला येण्याचं कारणच नव्हतं.

मागून निरीक्षकांनी विचारलं, गाडीला काही झालं का. मी म्हटलं, नाही साहेब.

खाली आल्यावर त्यांनी पडदा बघितला, हात शून्य वेळा आला होता. अंगठा उमटवला, आणि पूर्ण परवाना माझ्या फोनवर आला. मॅडमनी बाह्यांची चेन उघडली. मी विचारलं, आता हा कुणाला लावणार. त्या म्हणाल्या, येईल कुणीतरी पोरगं, पुढच्या आठवड्यात चारजण आहेत. त्यातल्या एकाला तो सोप्या रस्त्यावर अडवेल आणि तो मनातल्या मनात शिव्या देईल. मला त्या पोराचा हेवा वाटला. मॅडमनी बाह्या घडी करून डब्यात ठेवल्या आणि माझे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन चोळले, थंडीतून आलेल्या माणसाचे चोळावेत तसे. 

शेडमधून जीप काढली तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती. मी आयुष्यात पहिल्यांदा गाडीत एकटी होते. स्टिअरिंग नुसतं स्टिअरिंग होतं. अर्ध्या घाटापर्यंत सगळं ठीक होतं, मग माथ्यावरून धुकं उतरलं. शिकताना असं धुकं कधी लागलं नव्हतं. धुकं पडलं की मॅडम धडा रद्द करायच्या. समोरचा उजेड भिंतीवर पडावा तसा परत येऊ लागला. मी गाडी थांबवली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, आणि वाट बघितली.

किती वेळ, सांगता येत नाही. वाट बघणं थांबवायला वेळ लागला.

मग दिवे खालच्या झोतावर टाकले, हँडब्रेक ओढून खाली उतरले. पायाने चाचपत डोंगराच्या बाजूची गटार शोधून काढली, तिच्या कडेने पुढे चालत गेले, रस्ता कुठे वळतो ते बघून आले. परत येऊन तेवढीच गाडी पुढे घेतली. पुन्हा उतरले. एका वळणावर कठडा ढासळला होता, तिथे दगड आणून कडेला ओळीने लावले आणि मग गाडी काढली. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. संग्रामने असं केलं असतं की नाही, मला माहीत नाही. त्याला बहुतेक उतरावं लागलं नसतं.

माथ्यावर धुकं विरळ झालं. पवनचक्क्यांची पाती अंधुक दिसू लागली, मग घरांचे दिवे. आमच्या दाराच्या अलीकडे रस्त्यात सासरे उभे होते, डोक्याला टॉवेल, खांद्यावर ओवी. मी गाडी त्यांच्यापाशी थांबवली आणि काच खाली केली. ते वाकून आत बघत राहिले. माझ्याकडे, मग शेजारच्या रिकाम्या सीटकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"कोण चालवीत हुतं?"

"मीच, आबा."

त्यांनी मान हलवली. मग सांगू लागले. घाट चढणाऱ्या गाडीचे दिवे आमच्या ओट्यावरून दिसतात. कुठल्या वळणाला उजेड कसा वर येतो, कुठे क्षणभर बुडतो, त्यावरून संग्राम आला की त्यांना अर्ध्या घाटातच कळायचं, सासूबाईंना सांगून ते भाकरी टाकायला लावायचे. आज दिवे त्याच जीपचे होते, ते ओळखले. पण चढणारा कळेना. मध्येच थांबतोय, पुन्हा निघतोय, मुंगीसारखा. कुणी परका पाहुणा वाट चुकला असेल म्हणून बघायला बाहेर आले होते.

ओवी त्यांच्या खांद्यावरून खिडकीत वाकली. "तू कधी जाणार?" तिने विचारलं.

"सकाळी," मी म्हटलं. "आणि संध्याकाळी परत येणार."

"पुन्ना आज?"

"उद्याच्या संध्याकाळी. मग परवाच्या. रोज."

तिला ते पटलं नाही.  मी दार उघडून तिला मांडीवर घेतलं. तिचे पाय थंडगार पडले होते. सासरे बाजूला सरकले, जीपच्या टपावर तळवा ठेवला आणि खाली घाटाकडे, जिथून मी आले होते त्या धुक्याकडे बघितलं.

"आज वळखाय आलं न्हाई, पोरी," ते म्हणाले. "हा हात नवा हाय. चार-आठ दिस जाऊ देत, मग वळखीन."